पाळकाचा पाळक कोण?

आमच्या पार्सनेजच्या, म्हणजे चर्चनं पाळकाला दिलेल्या घराच्या, दारांना दिवसा कधी कडी लागलेली मला आठवत नाही. माझे वडील पाळक होते. कुणाचं लेकरू तापानं फणफणलेलं असायचं, कुणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असायचा, कुणाच्या घरात रात्री भांडण झालेलं असायचं. माणसं ‘सलाम, पाळकसाहेब’ म्हणत सरळ बैठकीत यायची आणि बैठक भरली की स्वयंपाकघरात. आई भाकरी थापता थापता चहाचं आधण वाढवायची. आम्ही भावंडं ताटं उचलून मागच्या पडवीत जायचो. त्यात त्रास होता तसं सुखही होतं. एवढ्या माणसांनी आपल्या बापावर विश्वास टाकलाय, हे लहान वयातही कळायचं.

मी अकरावीत असताना वडील आजारी पडले. अंगात ताप नव्हता, दुखणं बोटानं दाखवता येत नव्हतं. रविवारी ते उपदेश करायचे आणि घरी आले की संध्याकाळपर्यंत खुर्चीत बसून राहायचे. तीन-चार महिने हे चाललं. मंडळीतलं, म्हणजे चर्चच्या माणसांतलं, कुणी ना कुणी रोज येत होतं, पण ते स्वतःसाठी प्रार्थना करून घ्यायला. एकदा मी आईला म्हटलं, ‘तू तरी कुणाशी बोल ना.’ ती म्हणाली, ‘कुणाशी बोलू? बाकीच्या बायका अडचणीत पाळकाकडे जातात. माझा पाळक आतल्या खोलीत झोपलाय.’

पाळकाला पाळक नसतो, आणि त्याच्या बायकोमुलांना तर तो अजिबातच नसतो. पाळकांच्या स्वास्थ्याबद्दल जगभरात गेल्या काही वर्षांत बरंच बोललं जातंय. मी जे वाचलं, जे घरात पाहिलं, त्यातलं पुष्कळसं याच गाठीपाशी येऊन थांबतं. ती कशी पडते आणि मंडळीला ती कशी सैल करता येईल, ते इथे सांगते.

दिसणारं काम आणि न दिसणारं

सगळे पाळक एका साच्यातले नसतात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च-परंपरा एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, मराठवाडा, नागपूर असे तिचे धर्मप्रांत महाराष्ट्रात आहेत. तिथे पाळकाला पगार असतो, राहायला पार्सनेज असतं, वर बिशप असतात आणि ठरावीक वर्षांनी बदली होते. मेथडिस्ट मंडळ्यांतही साधारण असंच चित्र. सॅल्वेशन आर्मीत नवरा-बायको दोघंही अधिकारी म्हणून सेवेत असण्याची जुनी रीत आहे. चौथा वर्ग स्वतंत्र पाळकांचा. भाड्याच्या खोलीत किंवा स्वतःच्याच घरात मंडळी भरते, पगार नाही, बिशप नाही, रविवारच्या दानपेटीत जे पडेल ते. अलीकडे काही ठिकाणी घरातल्या प्रार्थनासभांवरून वाद होतात, पोलिसांत तक्रारी जातात. त्या भीतीत या पाळकांची बायकामुलंही जगत असतात. वसई आणि गोव्यातल्या कॅथलिक फादरांना संसार नसतो, त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. मी इथे संसारी पाळकांबद्दलच बोलते आहे.

रविवारची उपासना सगळ्यांना दिसते. तिच्यामागची उपदेशाची तयारी, घरभेटी, सिव्हिल हॉस्पिटलातल्या फेऱ्या, कमिटीच्या सभा, मिशनच्या काळातल्या जागांचे कोर्टातले खटले, दफनभूमीच्या कुंपणासाठी नगरपालिकेत मारलेले हेलपाटे हे बहुतेकांना दिसत नाही. ग्रामीण भागात एका पाळकाकडे मुख्य मंडळी आणि आजूबाजूची चार-सहा गावं असतात. एक उपासना आटोपून मोटरसायकलवर दुसऱ्या गावी जायचं, तिसरीकडे दुपारी तीनला पोचायचं.

तरीही माणूस तासांनी मोडत नाही. शेतकरीही तेवढे तास राबतो. पाळकाला मोडतं ते दिवसातून चारदा मन बदलणं. सकाळी अकराला एका तरुण मुलाचं दफन, चार वाजता दुसऱ्या घरचं लग्न, सात वाजता लेकराच्या वाढदिवसाची प्रार्थना. दफनभूमीवरची माती बुटाला लागलेली असतानाच लग्नघरात हसरा चेहरा न्यायचा. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये अशा कामाला ‘भावनिक श्रम’ हे नाव दिलं. चेहऱ्यावर अमुक भाव ठेवणं हाच जिथे कामाचा भाग असतो, तिथे शरीर बसून असलं तरी माणूस राबतच असतो. हवाई सुंदरीची ड्यूटी संपते. पाळकाची संपत नाही, कारण तो राहतो तेही चर्चच्याच आवारात.

थकवा वेगळा, बर्नआउट वेगळा, नैराश्य वेगळं

हे तीन शब्द आपण सरमिसळ करून वापरतो आणि मग उपायही चुकीचा करतो.

थकवा झोपेनं, सुट्टीनं उतरतो. नाताळचा सप्ताह संपला, दोन दिवस मामाच्या गावी जाऊन आलं, की माणूस ताजा होतो. बर्नआउट तसा उतरत नाही. समईतलं तेल संपल्यावर वातच जळायला लागते, तशी ती अवस्था आहे. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यातल्या स्वयंसेवकांमध्ये ती पाहिली आणि तिला हे नाव दिलं. सेवाभावानं आलेली, जीव ओतून काम करणारी माणसंच काही महिन्यांत कोरडी पडत होती. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी तिच्या तीन खुणा मांडल्या. पहिली, मन रितं होणं. दुसरी, ज्यांची सेवा करायची त्या माणसांबद्दल कोरडेपणा येणं. तिसरी, आपल्या हातून काहीच होत नाही असं वाटणं.

पाळकाच्या आयुष्यात यातली दुसरी खूण फार जीवघेणी असते. दारावर थाप पडली की पोटात गोळा येतो. मयताच्या घरी गेल्यावर मनात काही हलतच नाही. ओठ बायबलमधल्या योहानाच्या चौदाव्या अध्यायातले शब्द म्हणत असतात आणि मन घड्याळाकडे असतं. इतर पेशातला माणूस म्हणेल, कामाचा कंटाळा आलाय. पाळकाला वाटतं, माझा विश्वासच गेला. मग तो आणखी उपास करतो, पहाटे आणखी लवकर उठतो, आणखी घरभेटी लावतो. रित्या समईची वात तो आणखी पुढे सारत राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू आहे, बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही की उद्भवणारी, कामाशी जोडलेली अवस्था असं त्याचं वर्णन आहे. मंडळीच्या कमिटीनं हे लक्षात घ्यायला हवं. अवस्था कामातून आली असेल तर उपायही कामाच्या मांडणीत शोधावा लागतो. ‘पाळकसाहेब, प्रार्थनेत कमी पडताय’ म्हणून तो सापडत नाही.

नैराश्य मात्र आजार आहे, डॉक्टरकडे नेण्याचा. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन खिन्न, कशातच रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली, स्वतःबद्दल सतत अपराधी भावना, मरणाचे विचार. अशी चिन्हं दिसली तर सल्ला देत बसू नये. माझ्या वडिलांना हेच झालं होतं. डॉक्टरकडे जायला त्यांना चार महिने लागले, कारण ‘पाळकालाच औषध लागलं तर लोक काय म्हणतील’ ही धास्ती त्यांना होती आणि आम्हालाही होती.

विश्वास आणि औषध यांत ज्यांना विरोध वाटतो त्यांनी बायबलमधल्या ‘१ राजे’ या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय पुन्हा वाचावा. कर्मेल डोंगरावरच्या एवढ्या मोठ्या विजयानंतर एलीया संदेष्टा रानात जातो, रतामाच्या झाडाखाली बसतो आणि मरण मागतो. देवदूत त्याला विश्वास वाढवायला सांगत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी पुढे ठेवतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा खायला घालतो, कारण पुढची वाट त्याला झेपणार नाही. प्रश्नोत्तरं होतात ती त्यानंतर कितीतरी दिवसांनी, होरेब डोंगरावर. आणि तिथून तो परत निघतो तेव्हा त्याच्या वाट्याला अलीशा नावाचा सोबती येतो. आधी जेवण, मग झोप, मग बोलणं, मग सोबत. आजचा चांगला मानसोपचारतज्ज्ञही फारसं वेगळं सांगणार नाही.

पाळक धार्मिक असल्यामुळे सुरक्षित असतात, ही समजूत अभ्यासात टिकलेली नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या मेथडिस्ट पाळकांवर ड्यूक विद्यापीठानं २००७ पासून दीर्घकाळ काम केलं. फोनवर घेतलेल्या मुलाखतींत ८.७ टक्के पाळकांमध्ये नैराश्याची लक्षणं आढळली. तशाच पद्धतीनं पाहिलं तर तिथल्या सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण ५.५ टक्के होतं. लठ्ठपणा जवळपास ४० टक्के, त्या राज्यातल्या इतर लोकांत तो सुमारे ३० टक्के होता. ‘आपण पुरेसं करत नाही’ ही टोचणी नैराश्याशी जोडलेली आढळली. पुढे त्याच पाळकांसाठी आरोग्य सुधारण्याचा कार्यक्रम राबवला गेला. शरीराची काही मापं सुधारली, पण ताण आणि नैराश्याची लक्षणं त्या मानानं हलली नाहीत. व्यायामानं रक्तदाब उतरतो. एकटेपणाचं तसं नसतं.

हे आकडे अमेरिकेचे आहेत, ते जसेच्या तसे नगर-जालन्याला लावता येणार नाहीत. तिथे गाडी आहे, विमा आहे. इथे मोटरसायकल आहे आणि तीन महिने थकलेला पगार. टोचणी मात्र दोन्हीकडे तीच.

इथ्रोनं काय पाहिलं

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा अठरावा अध्याय कामाच्या वाटणीबद्दल नेहमी सांगितला जातो. इस्राएली लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे ऐकत बसलेला असतो. सासरा इथ्रो बघतो आणि म्हणतो, हे ठीक नाही, तूही थकशील आणि हे लोकही थकतील. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेमले जातात.

कमिटीच्या शिबिरात हा भाग वाचताना अध्यायाची सुरुवात बहुधा वगळली जाते. इथ्रो मुळात तिथे आला होता तो मोशेची बायको सिप्पोरा आणि दोन मुलगे यांना घेऊन. मोशेनं त्यांना माहेरी पाठवून दिलं होतं. म्हणजे ज्या माणसाला पुढाऱ्याचं रिकामं घर दिसलं, त्यालाच त्याच्या कामाचा डोंगरही दिसला. या गोष्टी एकाच माणसाला दिसाव्यात, हा मला योगायोग वाटत नाही. आणि हा माणूस बाहेरचा होता. मोशेच्या हाताखालचा नव्हता, त्याच्यावर अधिकार असलेलाही नव्हता. पाळकाला नेमकं असं कुणीतरी लागतं.

आपल्याकडे काय होतं? पाळकाच्या वर बिशप किंवा अधिकारी असतात. ते प्रेमळ असू शकतात, मोठ्या मनाचे असू शकतात. पण बदली त्यांच्या हातात असते. ‘साहेब, मला झोप लागत नाही, उपदेश करवत नाही’ असं जो पाळक आज सांगेल, त्याला उद्या ‘याला लहान मंडळी द्या’ हा शेरा मिळण्याची भीती असते. खाली कमिटी असते. तिथे निवडणुका होतात, गट असतात, आणि पाळकानं एका गटाच्या माणसाजवळ मन मोकळं केलं की संध्याकाळपर्यंत ते दुसऱ्या गटाकडे पोचतं. बरोबरीचे पाळक असतात, पण पुढच्या बदलीत तेच स्पर्धक असतात. राहिली बायको. सगळं ओझं तिच्यावर उतरतं आणि तिच्यापुढे उतरवायला कुणीच नसतं.

ज्याच्या हातात बदली आहे, त्याच्याकडे मन मोकळं करण्याची जबाबदारी देऊ नये. मला विचाराल तर पाळकांच्या काळजीतला हा सगळ्यात मोठा नियम आहे आणि तो पाळायला पैसा जवळजवळ लागत नाही. धर्मप्रांताला दुसऱ्या धर्मप्रांतातला एखादा निवृत्त, जाणता पाळक ठरवून देता येतो. एखाद्या प्रशिक्षित समुपदेशकाशी करार करता येतो, ज्यात फी धर्मप्रांत भरतो पण कोण आलं आणि काय बोललं हे कार्यालयाला कळत नाही. चार-पाच पाळकांचा छोटा गट महिन्यातून एकदा भेटू शकतो, वेगवेगळ्या पंथांतले असतील तर आणखी चांगलं, कारण त्यांच्यात बदलीची स्पर्धा नसते. आणि पाळकांच्या पत्नींसाठी असाच वेगळा गट हवा. ‘महिला मंडळ आहे की’ असं कुणी म्हणेल. महिला मंडळाच्या अध्यक्ष त्याच असतात. तिथे त्या रडू शकत नाहीत.

चर्च ऑफ इंग्लंडनं २०२० मध्ये पाळकांच्या काळजी आणि स्वास्थ्याबद्दलचा एक करारनामा आपल्या महासभेत मंजूर केला. स्वतः पाळक, स्थानिक मंडळी, बिशप आणि संपूर्ण चर्च अशी जबाबदारी त्यात वाटलेली आहे. कागदानं सगळं बदलत नाही, पण ‘हे कुणाचं काम’ हा प्रश्न तरी उरत नाही.

पार्सनेजमधली बाकीची माणसं

पाळकांच्या पत्नीला नेमणूकपत्र मिळत नाही, पगार मिळत नाही, पण कामं ठरलेली असतात. संडे स्कूल, महिला मंडळ, पाहुण्या पाळकांचा पाहुणचार, हंगामाच्या सणाला स्वयंपाकाची देखरेख, साहेब बाहेरगावी असताना दारावर आलेल्याचं ऐकून घेणं. तिनं नोकरी धरली तर ‘पाळकांच्या घरचं लक्ष सेवेत नाही’ आणि नाही धरली तर मुलांची फी कशी भरायची. बदली झाली की तिची नोकरी सुटते, हे तर कुणी हिशेबातच धरत नाही.

मराठी वाचकाला हे घर आतून माहीत आहे, ते लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे. हातात आलेला पैसा दुसऱ्याच्या गरजेला देऊन टाकणारा कवीमनाचा नवरा आणि संसाराची तोंडमिळवणी करणारी बायको, हे आपण तिथे हसत आणि डोळे पुसत वाचलेलं असतं. १९१७ मध्ये रेव्हरंड टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यामागची त्यांची तळमळ खरी होती, याबद्दल मला शंका नाही. पण पगार सोडण्याचा निर्णय घरातलं एक माणूस घेतं आणि उद्याच्या पिठाची चिंता घरातली सगळीच माणसं करतात. आजही एखादा पाळक ‘देव पुरवील’ म्हणून दानातला वाटा परत देतो तेव्हा मंडळी टाळ्या वाजवते. त्याच्या बायकोला विचारलं होतं का, हे कुणी विचारत नाही.

मुलांचं दुखणं वेगळं. ‘पाळकाची मुलगी असून असे कपडे?’ ‘पाळकाचा मुलगा असून नापास?’ हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं की ‘असून’ हा शब्द मला अजून टोचतो. एकदा वडिलांनी उपदेशात माझ्या खोटं बोलण्याचा दाखला दिला. प्रेमानंच दिला, शेवट गोड होता. पण दीडशे माणसांसमोर माझं ते खोटं कायमचं माझ्या नावावर लागलं. मी चौथीत होते. पाळक वाचत असतील तर त्यांना हात जोडून सांगणं आहे, घरातला किस्सा सांगण्याआधी लेकराला विचारा, आणि ते नाही म्हणालं तर तो सांगू नका.

बदली शक्यतो शाळेची परीक्षा संपल्यावर व्हावी. दहावी-बारावीच्या वर्षात होऊ नये. हे धर्मप्रांताला जमण्यासारखं आहे.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला जड जाते. पार्सनेजच्या चार भिंतींत कधी कधी मारहाण होते. पाळकाचं नाव, मंडळीचं नाव, सेवेचं नाव जपायचं म्हणून ती बाई वर्षानुवर्षं गप्प राहते. पाळकाची काळजी घेणं म्हणजे त्याला पाठीशी घालणं नव्हे. तिथे काळजीचा पहिला हक्क तिचा आणि मुलांचा आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा पाळकाच्या घरालाही तसाच लागू आहे. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या वेळी ११२ हे क्रमांक तिच्याकडे असायला हवेत. पाळकाकडून मंडळीतल्या कुणाचं शोषण झालं, पैशाचा गैरव्यवहार झाला, तर तेही ‘साहेब थकले होते’ या सबबीखाली झाकू नये.

पैसा, घर आणि साठीनंतर

‘मळणी करणाऱ्या बैलाचं तोंड बांधू नये’ हे वचन बायबलमध्ये प्रेषित पौलानं पगाराच्या संदर्भात दोनदा वापरलंय, करिंथकरांना आणि तीमथ्याला लिहिताना. कमिटीच्या सभेत ते क्वचित निघतं. पाळकानं स्वतः काढलं तर लोभी ठरतो, म्हणून ते खजिनदारानं काढावं.

पगार किती हा प्रश्न आहेच, पण तो ठरल्या तारखेला होतो का, हा त्याहून मोठा. कमी पण वेळेवर येणाऱ्या पगारात बाई संसार बसवते. कधी येईल याचा भरवसा नसलेल्या पगारात उसनवारी सुरू होते, आणि उसने पैसे बहुधा मंडळीतल्याच कुणाकडून घेतले जातात. मग त्या माणसाला चुकीच्या गोष्टीबद्दल बोलायची पाळकाची जीभ उचलत नाही.

घराचं कोडं सगळ्यात अवघड. पार्सनेज म्हणजे भाडं नाही, वीजबिलही कधी मंडळी भरते. पण तीस वर्षं दुसऱ्याच्या छताखाली राहिलेल्या माणसाकडे निवृत्तीच्या दिवशी स्वतःचं छत नसतं. पाळक सेवेत असताना वारला तर हे आणखी क्रूर होतं. बाई एकाच वेळी नवरा, घर, गाव आणि मंडळीतलं स्थान गमावते. नवा पाळक येणार म्हणून खोल्या मोकळ्या करायच्या असतात. अशा कुटुंबाला किती महिने त्या घरात राहता येईल, हे आधीच, सगळे सुखरूप असताना, लिहून ठेवावं. दुःखाच्या घरात हा विषय काढायची वेळ कुणावर येऊ नये.

पीएफ कापला जात असेल तर रक्कम खात्यात खरोखर पोचते का, हे पाळकानं वर्षातून एकदा पासबुकात पाहावं. स्वतंत्र पाळकांना तर असं काहीच नसतं. त्यांच्यापैकी १८ ते ४० वयाच्या, आयकर न भरणाऱ्यांना अटल पेन्शन योजनेत खातं उघडता येतं. साठीनंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपये मिळतात. रक्कम थोडी आहे, पण हातात काहीच नसण्यापेक्षा बरी. सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं कार्ड काढता येतं. निवृत्त पाळक आणि त्यांच्या पत्नी यांची कार्डं काढून द्यायला तरुण संघाला एक रविवार दुपार पुरते. शालीपेक्षा ही भेट कामाची.

सोमवार

बहुतेक पाळकांची सुट्टी सोमवारी असते, म्हणजे कागदावर असते. ती खरी व्हायची असेल तर ती मंडळीनं जाहीर करावी लागते, पाळकानं नव्हे. उपासनेनंतरच्या सूचनांत कमिटीच्या सचिवांनी सांगावं, ‘सोमवारी साहेबांना फोन करू नये, तातडीचं असेल तर मला किंवा मंडळीतल्या अमक्या वडीलधाऱ्यांना करावा.’ मयत, अपघात, हॉस्पिटल हे तातडीचं. दाखला, कार्यक्रमाची तारीख, गायनाच्या गटातलं भांडण हे मंगळवारचं. व्हॉट्सॲप ग्रुपवर उपदेशाची चिरफाड कुठल्याच वारी नको. तक्रार असेल तर आधी एकट्यानं जाऊन, नाही जमलं तर एक-दोघांना सोबत घेऊन तोंडावर सांगावी, मत्तयच्या अठराव्या अध्यायात सांगितलंय तशी.

वर्षाची रजाही तशीच, गाव सोडून घेतलेली. गावात राहून घेतलेल्या रजेत कुणी ना कुणी दारात येतंच.

आणि पाळकाच्या बोलण्यात मरणाची भाषा येऊ लागली, तो सामान आवरू लागला, माणसं टाळू लागला, तर त्याला एकटं सोडू नका आणि विचारायला घाबरू नका. विचारल्यानं तो विचार त्याच्या डोक्यात शिरत नाही. टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. २०२२ च्या ऑक्टोबरपासून ती सुरू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, आणि आपण कोण, पाळक की आणखी कोण, हे सांगावं लागत नाही. हा क्रमांक चर्चच्या सूचनाफलकावर कायमचा असावा. पाळक तो फलक रोज ओलांडून जातो.

वडील बरे झाले. गोळ्या वर्षभर चालल्या. त्यानंतर बदली झाली आणि नव्या गावी आम्ही टेम्पोतून सामान उतरवत असताना मंडळीतल्या एक म्हाताऱ्या बाई आल्या. त्यांनी वडिलांना सलाम केला आणि त्यांच्याजवळ न थांबता त्या थेट आईकडे गेल्या. ‘बाई, या घरात तुम्हाला काय करून हवंय ते सांगा. कमिटीला नका सांगू, मला सांगा.’ वीस वर्षांच्या संसारात आईला हे कुणी विचारलं नव्हतं. ती आधी काही नको म्हणाली. मग म्हणाली, ‘स्वयंपाकघराच्या दाराला आतून कडी.’ त्या संध्याकाळीच त्यांचा नातू स्क्रूड्रायव्हर घेऊन आला.